चाल माझी, मग अर्धं गाणं त्याचं कसं?

प्रश्न: ताई, गाणी मीच लिहिते, चालीही मीच लावते. आता पहिल्यांदाच एका प्रोड्यूसरबरोबर रेकॉर्डिंग चालू आहे आणि तो म्हणतो गीत-संगीतात अर्धा वाटा दे. नाही म्हटलं तर काम हातचं जाईल. आणि या टेन्शनमध्ये नवीन काही सुचतही नाहीये.

उत्तर: अगं, आधी वाट्याचं बोलू, कारण मला वाटतं सुचणं अडलंय तेही त्यामुळेच. गाण्याचे हक्क दोन असतात, शब्द आणि चालीचा एक, रेकॉर्डिंगचा म्हणजे मास्टरचा दुसरा. प्रोड्यूसरने फी घ्यावी, मास्टरच्या कमाईत टक्के मागावेत, चालतं. पण बीट टाकला, वाद्यं ठरवली म्हणून शब्द-चालीत अर्धा वाटा हे मला अजिबात पटत नाही. हां, त्याने खरंच एखादी ओळ लिहिली असेल किंवा चालीचा तुकडा दिला असेल तर तेवढं श्रेय द्यायचं, तिथे कंजूषपणा नको.

अमेरिकन गायिका-गीतकार डॉली पार्टनचं ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ तिने एकटीने लिहिलेलं, १९७४ मध्ये आलं आणि गाजलं. ते रॉक अँड रोलचा बादशाह एल्विस प्रेस्लीला गायचं होतं (एल्विसला!), पण त्याच्या मॅनेजरने पब्लिशिंगचा, म्हणजे शब्द-चालीचा, अर्धा हक्क मागितला आणि ही नाही म्हणाली. रात्रभर रडले असं तिनेच सांगितलंय, पण नाही म्हणजे नाही. पुढे १९९२ मध्ये गायिका व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं आणि जगभर वाजलं, तेव्हा तो अर्धा हक्क कुणाला देऊन टाकलेला नव्हता. टेलर स्विफ्टचं उलट, पहिल्या सहा अल्बमचे मास्टर २०१९ मध्ये दुसऱ्याच्या हातात गेले, पण गाणी तिने लिहिलेली होती म्हणून २०२१ पासून त्यातले चार अल्बम तिला पुन्हा रेकॉर्ड करून बाजारात आणता आले.

आता सुचण्याचं. कॅनडाची गायिका-गीतकार जोनी मिचेल, तिचा डावा हात लहानपणीच्या पोलिओने कमजोर झाला होता, नेहमीच्या कॉर्ड्स जड जायच्या, म्हणून तिने गिटारच्या तारा वेगळ्याच सुरांत लावल्या आणि त्यातून वेगळीच गाणी निघाली. तूही ट्यूनिंग बदलून बघ, नाहीतर ज्या वाद्यावर हात बसलेला नाही ते घे. आणि लिहायचं ते स्टुडिओच्या बाहेर, तासाचं भाडं चालू असताना काय डोंबल सुचणार! ब्रिटिश गायिका केट बुशने तर घरीच स्टुडिओ उभारला आणि १९८५ चा ‘हाउंड्स ऑफ लव्ह’ हा अल्बम तिथेच घडवला. तुला स्टुडिओ नको, फोनवरचा रेकॉर्डर पुरे.

ते कच्चे डेमो तारखेसकट जपून ठेव, उद्या वाद झालाच तर तेच कामाला येतात. प्रोड्यूसरला भांडणाच्या सुरात नाही, साध्या मेलवर लिही की शब्द-चाल माझी, मास्टरमध्ये तुला किती टक्के ते बोलू, आणि पुढचं सेशन लेखी ठरल्यावरच. तरीही तो अर्ध्यावरच अडून बसला तर खुशाल दुसरा शोध.