रोजच्या मालिका पहिल्यापासूनच इतक्या संथ होत्या का?

एका लग्नाच्या बोलणीत तीन आठवडे काढायची ही सवय आताची की जुनी, असं तुम्ही विचारलंय. जुनी आहे, आणि चक्क ठरवून लावलेली.

ती लावणारी मुख्य बाई म्हणजे शिकागोची इर्ना फिलिप्स. आधी शिक्षिका होती. १९३० साली तिथल्या रेडिओवर तिने रोजची घरगुती श्रुतिका सुरू केली. दुपारी ऐकणाऱ्या बायकांचे हात धुण्यात नाहीतर इस्त्रीत गुंतलेले, आणि साबणाच्या कंपन्यांना गिऱ्हाईक म्हणून नेमक्या त्याच हव्या होत्या. त्यामुळे श्रुतिकेत काही घडलं की ते आधी शेजारणीला सांगायचं, मग शेजारणीने नवऱ्याला. मधले दोन दिवस बुडले तरी बाईचं काही अडत नसे.

टीव्ही आल्यावर पंचाईत झाली. इस्त्री करता करता ऐकता येतं, बघणार कसं? १९४६ मध्ये ड्युमाँट वाहिनीने 'फारअवे हिल' दाखवून पाहिली, पण ती आठवड्यातून एकदा, रात्री. १९४९ मध्ये एनबीसी वाहिनीवर फिलिप्सचीच 'दीज आर माय चिल्ड्रन' आली आणि महिनाभरात गुंडाळली गेली.

जमलं ते १९५२ मध्ये, तिची रेडिओवरची 'गायडिंग लाइट' सीबीएस वाहिनीच्या पडद्यावर आली तेव्हा. पुढची चार वर्षं ती दोन्हीकडे चालू होती. नटमंडळी तोच भाग रेडिओसाठी वेगळा करत आणि टीव्हीसाठी वेगळा, तोही थेट प्रक्षेपणात. साहजिकच पडद्यावरही रेडिओच चालला होता: बसून बोलणारी माणसं, मागे ऑर्गन. इस्त्रीवाल्या बाईची सोय झाली ती अशी.

तोवर भाग पंधरा मिनिटांचा असे. २ एप्रिल १९५६ ला 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' अर्ध्या तासाची म्हणूनच सुरू झाली. वेळ दुप्पट मिळाला तर घटनाही दुप्पट घालाव्यात ना? फिलिप्सने घातल्या नाहीत. तिने चेहरे जवळून दाखवले आणि बोलण्याला घरातली चाल दिली. माझ्या मते तिची खरी हुशारी ही. आजचे दिग्दर्शक तोच चेहरा ढँण-ढँण करत तीनदा दाखवतात, त्याला मात्र ती जबाबदार नाही.

२२ नोव्हेंबर १९६३ ला याच मालिकेतली नॅन्सी सासऱ्यांशी थँक्सगिव्हिंग सणाच्या जेवणाला कोण येणार यावर बोलत होती. प्रक्षेपण थेट होतं. मध्येच पडद्यावर बातमीची पाटी आली आणि सीबीएसचा वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट याच्या आवाजात राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्याची बातमी. स्टुडिओतल्या नटांना पत्ताच नाही. ते आपले संवाद म्हणतच राहिले.

आपली 'हम लोग' (१९८४) मात्र या घराण्यातली नाही. तिचा नमुना मेक्सिकोतल्या मालिकांचा, आणि तिकडे मालिका संपवायची रीत आहे. 'हम लोग' १९८५ च्या डिसेंबरात संपली. 'गायडिंग लाइट' टीव्हीवर २००९ पर्यंत चालली.