जुन्या सायनसमुळे नाकाचा लिम्फोमा होतो का?

प्रश्न असा आहे : "दहा वर्षांपासून सायनस आहे, सारखं इन्फेक्शन होतं. पुढे नाकाचा लिम्फोमा होईल का?"

लिम्फोमा म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराचा कॅन्सर. सर्दी मुरून तो होतो, असं सिद्ध झालेलं नाही. उत्तर इथेच संपलं असतं, पण हेच आमच्या दाजींना सांगता सांगता सहा वर्षं गेली, म्हणून लिहायला बसलो.

आमच्या अण्णांचा सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचा लूम. जन्म धुरळ्यात गेलेला, त्यामुळे डावी नाकपुडी चोंदली तेव्हा घरात कुणाला काही वाटलं नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आठ-दहा दिवस नाक मोकळं झालं, मग परत तेच. नंतर खपल्या, रक्त आणि असा वास की नातवंडं जवळ बसेनात. नाकातला तुकडा काढून तपासला (बायोप्सी) तर रिपोर्ट आला : मृत पेशी, जंतुसंसर्ग. दाजी म्हणाले, "बघ, इन्फेक्शनच आहे की बे. आता परत तुकडा काढू नका, त्यानं पसरतं." मी ऐकलं. दोन महिने घालवले. एके सकाळी अण्णांनी चहाचा घोट घेतला आणि तो नाकातून बाहेर आला. टाळूला भोक पडलं होतं.

मग भूल देऊन खोलवरचा तुकडा काढला. एनके/टी-सेल लिम्फोमा निघाला, म्हणजे नाकात होणारा लिम्फोमाचा एक प्रकार. हा आजार रक्तवाहिन्यांच्या भिंतीतच घुसतो, आजूबाजूचं मांस मरतं. वरवरचा तुकडा काढला की हाती मेलेलंच लागतं. पहिला रिपोर्ट तसा आला तो यामुळे.

आणि दाजी काय म्हणाले? गड्ड्याच्या यात्रेला सगळे घरी जमलेले असताना म्हणाले, "लूम वेळेवर विकला असता तर सर्दी मुरली नसती." लूम विकू दिला नाही तो मीच.

ओ दाजी, ती सर्दी नव्हतीच. पहिल्या दिवसापासून तोच आजार होता. अमेरिकेत २०१७ साली वयस्कांच्या नोंदींवरून सायनस आणि डोकं-मानेच्या कॅन्सरचा संबंध तपासला, तर तो मुख्यतः सायनसचं निदान झाल्यावरच्या पहिल्या वर्षातच दिसला. म्हणजे बऱ्याच जणांना सायनस म्हणून जे सांगितलं, ते आधीपासून दुसरंच असणार.

तरी जुन्या संसर्गाचा लिम्फोमाशी काहीच संबंध नाही असंही नाही. जठरातल्या हेलिकोबॅक्टरमुळे एका प्रकारचा लिम्फोमा होतो आणि नुसत्या अँटिबायोटिकने तो बऱ्याच जणांचा जातो. जपानात क्षयरोगानंतर छातीत वर्षानुवर्षं पू साचलेल्यांना पुढे तिथेच लिम्फोमा झालेला आहे. अण्णांच्या प्रकारात मात्र जवळजवळ प्रत्येक गाठीत एप्स्टीन-बार विषाणू सापडतो. पण तो नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात आयुष्यभर असतो, बहुतेकांना लहानपणीच लाळेतून लागलेला. त्यामुळे अँटिबॉडीची रक्ततपासणी करून पॉझिटिव्ह आली म्हणून रडत बसू नका. माझी आणि दाजींचीही येईल.

तुम्ही बघायचं ते हे : त्रास एकाच बाजूला आहे का, रक्त-खपल्या-वास आहे का, गाल किंवा डोळा सुजतोय का. असेल तर दुर्बिणीने बघून तुकडा काढायला सांगा. रिपोर्ट 'मृत पेशी' आला तर पुन्हा काढा. तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही, कोण काय म्हणतंय ते ऐकू नका.

मी डॉक्टर नाही. दहा वर्षं दोन्ही बाजूंनी वाहणारं नाक बहुधा ॲलर्जीचं किंवा साध्या सायनसचंच असतं आणि हा लिम्फोमा आपल्याकडे फार दुर्मिळ आहे. हे वाचून नाकातला स्प्रे बंद करू नका, मी वर स्टिरॉइडच्या गोळ्यांबद्दल बोलत होतो.

अण्णा आहेत. रेडिएशन आणि ॲस्पॅराजिनेज या औषधाचे डोस झाले, टाळूला प्लेट बसवली, आता शेंगाचटणी-भाकरी खातात, फक्त कडक भाकरी कुस्करून. त्यांच्या दोन्ही तुकड्यांच्या स्लाइड माझ्या कपाटात आहेत. दाजींना कधीही येऊन बघता येतील.