उस्ताद वर्षभरासाठी, खोली कायमची

प्रश्न : माझी मुलगी तृतीय वर्ष बी.ए.ला आहे, तबल्यात विशारद झाली आहे. तिचे अत्यंत आवडते तबलावादक यंदाच्या शैक्षणिक वर्षासाठी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात 'आर्टिस्ट इन रेसिडेन्स', म्हणजे पाहुणे कलावंत म्हणून आहेत. तिला एम.ए. तिथेच करायचं आहे. लालबागची पागडीची खोली विकून पैसे उभे करू का? – एक वडील, लालबाग

उत्तर : आधी कॅलेंडर बघा. तिकडचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं आणि मेमध्ये संपतं. एम.ए.चे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत जातात आणि प्रवेश त्यानंतरच्या ऑगस्टचा असतो. म्हणजे कन्या तिकडे पोहोचेल तेव्हा उस्ताद बॅग भरून गेलेले असतील. नेमणूक 'यंदाच्या वर्षापुरती' असल्याचं तुम्हीच लिहिलं आहे. तिनेही ते वाचलं असेलच, पण या वयात आवडत्या कलावंताच्या नावापुढे तारखा दिसत नाहीत.

समजा, मुदत वाढली. तरी रेसिडेन्सी म्हणजे रोज समोर बसवून तालीम नव्हे. एकदोन मैफली, काही व्याख्यान-प्रात्यक्षिकं, आठवड्याचा एखादा वर्ग, विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाबरोबर काम, असं त्याचं स्वरूप असतं. माहीमचे झाकीर हुसेन 2005-06 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात होते. तिथे त्यांनी शिकवला तो भारतीय संगीत आणि नृत्याची ओळख करून देणारा अभ्यासक्रम. त्या मुलांना तो पर्वणीच. पण ओळखीच्या वर्गात विशारद झालेल्या मुलीला त्रितालाच्या सोळा मात्रा पहिल्यापासून मोजत बसावं लागेल. त्यासाठी खोली विकायची?

याउलट उदाहरण सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांचं. 1967 मध्ये त्यांनी कॅलिफोर्नियात स्वतःचं संगीत महाविद्यालय काढलं आणि 2009 मध्ये निधन होईपर्यंत तिथेच शिकवलं. तबलावादक स्वपन चौधुरींनीही कॅलआर्ट्समध्ये, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कलाशिक्षण संस्थेत, अनेक वर्षं तबला शिकवला. जायचंच असेल तर असा कायम मुक्कामाचा गुरू कुठे आहे, ते शोधून जावं. पाहुण्याच्या भरवशावर दोन वर्षं काढू नयेत.

आणखी एक गोष्ट मुलीला जरूर विचारा. तिकडचं संगीतातलं एम.ए. पुष्कळदा एथ्नोम्युझिकॉलॉजीचं, म्हणजे वाचन, क्षेत्रकार्य आणि प्रबंधलेखनाचं असतं. हात तयार करण्याचं काम त्यात दुय्यम. वादन हाच मुख्य विषय असलेले अभ्यासक्रम वेगळे. तिला संशोधन करायचंय की मैफली? हे तिनेच ठरवायचं, तुम्ही किंवा मी नव्हे.

आता खोलीचं. पागडीच्या खोलीत आपण घरमालकाचे भाडेकरू असतो, म्हणून बँक ती तारण म्हणून घेत नाही. म्हणजे ती विकावीच लागेल, आणि विकताना घरमालकाचा हिस्सा जाणार. उरलेल्या पैशात विद्यापीठाची फी निघाली तरी राहण्याखाण्याचं काय? विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं, त्यातून हातखर्च सुटतो, फी नाही. फीमाफी किंवा अध्यापन-सहायकाची जागा मिळत असेल तर बेलाशक पाठवा. न मिळाल्यास माझं मत स्पष्ट आहे, खोली विकू नका.

तोवर मुंबईत काय कमी आहे? मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, वाशीला गांधर्व महामंडळ आहे आणि विशारदनंतरची अलंकार परीक्षा उरलेलीच आहे. शिवाय परदेशात शिकवणारे बहुतेक मोठे कलावंत थंडीत मैफलींसाठी इकडे येतातच. कार्यक्रमानंतर ग्रीनरूमबाहेर ताटकळायची लाज वाटू देऊ नये. सोबत आपल्या सोलोचं दहा मिनिटांचं स्वच्छ रेकॉर्डिंग ठेवावं, इन्स्टाग्रामचं रील नव्हे! लेहरा, म्हणजे सोलोला साथ देणारी हार्मोनियमची धून, कोण धरणार हे आधीच ठरवावं आणि पेशकारपासून, म्हणजे सोलोच्या संथ आरंभापासून, सुरुवात करावी. जाणकार टाळ्या घेणारी चक्रदार तिहाई ऐकण्याआधी पेशकार ऐकतात.

आणि मुलीने स्वतः त्या विभागाला एक साधा ईमेल पाठवावा. पुढच्या वर्षी तबला कोण शिकवणार, आठवड्याला समोरासमोर किती तास मिळणार, एम.ए.ला फीमाफी आहे का, एवढंच विचारावं. विभागाची कचेरी अशा ईमेलला उत्तर देते. ते आलं की मला पाठवा. खोलीसाठी गिऱ्हाईक आलं असेल, तर त्याला तोवर थांबायला सांगा.