बंदूक कशाला हवी? वाचकांचे प्रश्न

कोकणातल्या एका जिल्ह्याच्या कचेरीत मी बरीच वर्षं शस्त्र परवान्यांचं टेबल सांभाळलं. बंदुकीची फाईल बाईच्या हातात पाहून अर्जदार आधी इकडेतिकडे बघायचे, मग हळूच विचारायचे, ‘साहेब कुठे बसतात?’ मागच्या अंकात परवान्याच्या नूतनीकरणाबद्दल लिहिलं, तर निम्मी पत्रं आली ती मुलं परदेशात असलेल्या आईवडिलांची. त्यातली काही आज घेते.

प्रश्न : मुलगा डॅलसला आयटी कंपनीत आहे, एच-वन-बी व्हिसावर. ऑफिसातली मंडळी शनिवारी शूटिंग रेंजवर जातात. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘आई, इथे लायसन्स दाखवलं की अर्ध्या तासात बंदूक मिळते, मीपण घेतो एक.’ खरंच इतकं सोपं असतं का हो? (एक आई, सांगली)

सोपं आहे, पण तुमच्या मुलासाठी नाही. हे त्याला आजच सांगा.

अमेरिकेत दुकानदाराकडून बंदूक घेताना केंद्र सरकारचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. मी तो मुद्दाम मिळवून वाचला. जुनी खोड, दुसऱ्याचा फॉर्म दिसला की रकाने तपासायचे. तुमच्यावर गंभीर गुन्हा शाबीत झालाय का, तुम्ही फरारी आहात का, गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेता का, असे हो-नाहीचे प्रश्न. त्यातच एक प्रश्न व्हिसाचा. एच-वन-बी, एल-वन, विद्यार्थ्यांचा एफ-वन असल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला तिथला केंद्रीय कायदा मनाई करतो. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूक हातात धरली तरी ते बाळगणंच. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि दोषी ठरला तर देशाबाहेर काढण्याची कारवाई वेगळी. ग्रीनकार्डवाल्याला ही आडकाठी नाही. या नियमाला एक पळवाट मात्र कायद्यातच ठेवलेली आहे: राज्याचा शिकारीचा वैध परवाना जवळ असेल तर सूट मिळते. म्हणून आपली काही मुलं कधी सशाच्या मागे न लागताही शिकारीचा परवाना काढून ठेवतात. तुमच्या मुलाला रेंजवर जायचंच असेल तर आधी तिथल्या वकिलाला विचारू दे. ऑफिसातल्या मित्राचं ऐकून जाऊ नये. तो मित्र बहुधा नागरिक असतो आणि त्याला हा नियम माहीतच नसतो.

आता तुमचा खरा प्रश्न, इतकं सोपं कसं. त्या ४४७३ फॉर्मवर ‘बंदूक कशासाठी हवी’ हा रकानाच नाही. आमच्या टेबलावर सगळा खेळ त्याच रकान्याचा असायचा. भारतात परवाना मागणाऱ्याने कारण द्यायचं, ते पटवायचं, मग पोलीस ठाण्याचा अहवाल येणार, मग जिल्हाधिकारी ठरवणार (मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त). अमेरिकेत उलट. द्यायची नसेल तर सरकारने कारण शोधायचं. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणाऱ्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा हवाला सगळे देतात, पण घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा एकेका व्यक्तीचा हक्क आहे असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं ते २००८ साली. न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल अंगावर बाळगायचं तर ‘योग्य कारण’ दाखवावं लागे. तो शंभर वर्षांहून जुना नियम २०२२मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केला. म्हणजे रकाना होता, तोही खोडला.

तरी ‘अमेरिकेत असं असतं’ असं कधी म्हणू नये. तुमचा मुलगा उद्या न्यू जर्सीत एडिसनला गेला तर त्याला वेगळाच देश भेटेल. तिथे आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढायचं, बोटांचे ठसे द्यायचे, दोन परिचितांची नावं द्यायची, मानसिक उपचारांची नोंद तपासायला संमती द्यायची आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना घ्यायचा. तो आत्ता आहे त्या टेक्ससात विकत घ्यायला राज्याचा परवाना नाही, नोंदणी नाही. सप्टेंबर २०२१पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल बाळगून फिरायलाही परवाना लागत नाही. आणि विकणारा दुकानदार नसून शेजारी असेल, तर केंद्रीय कायदा त्याला समोरच्याची पार्श्वभूमी तपासायलाही सांगत नाही.

प्रश्न : वडील वारले. त्यांची बारा बोअरची दुनळी माळ्यावरच्या पेटीत आहे, परवान्याचं पुस्तकही आहे. काजूच्या बागेत रानडुकरांचा उच्छाद आहे, म्हणून ती राहू द्यावी असं भावाचं मत. तो म्हणतो, ‘बापाची वस्तू, मुलाची झाली.’ (एक वाचक, संगमेश्वर तालुका)

भावाला म्हणावं, जमीन वारसाने येते, परवाना येत नाही. वडील गेले त्या दिवसापासून ती बंदूक तुमच्या घरात विनापरवाना आहे. विनापरवाना शस्त्राला २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षांची शिक्षा आहे. घाबरू नका, पण बसूनही राहू नका.

माझ्या टेबलावर अशा फायली सर्वांत जास्त. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कोणाला आठवत नाही, मग निवडणूक लागते, आचारसंहितेत ठाण्याकडून शस्त्रधारकांची यादी घेऊन हवालदार दारात येतो आणि विचारतो, आजोबा कुठायत. तेव्हा सगळ्यांच्या पायाखालची वाळू सरकते. तुम्ही त्याआधी हलताय ते बरं.

आधी ठाण्यात फोन करा किंवा पोलीस पाटलांना बरोबर घ्या. बंदूक गोणपाटात गुंडाळून एसटीने नेऊ नका. हसू नका, आणलेल्या पाहिल्यात. नळीत काडतूस नाही याची खात्री जाणकाराकडून करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि परवान्याचं पुस्तक घेऊन शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका. मग तुमच्यापैकी एकाने वारस म्हणून स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची हरकत नाही असं लेखी जोडायचं. बहिणींचीही सही लागते, ती लोक विसरतात. वडील हयात असताना सत्तरी ओलांडल्यावर किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगल्यावर मुलाच्या नावाने करून देण्याची सोय २०१६च्या नियमांत आहे. ज्यांचे वडील आज हयात आहेत त्यांनी हे वाचून ठेवावं. आणि एका माणसाकडे आता दोनच शस्त्रं राहू शकतात, पूर्वी तीन होती. वारसाने आलेलीही त्यातच धरतात.

रानडुकराचं म्हणाल तर पीक संरक्षण हे परवान्याचं कायदेशीर कारण आहे, अर्जात तेच लिहा. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. त्यासाठी वनखात्याचा कागद वेगळा. आणखी एक, अर्जाला सातबारा, बँकेचं पासबुक आणि आमदारांचं शिफारसपत्र जोडायची आपल्याकडे फार हौस. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही, असं १९५९च्या कायद्याच्या चौदाव्या कलमातच आहे. शिफारसपत्रांबद्दल मी काही बोलत नाही.

प्रश्न : मुलगी आणि जावई कॅनडात कॅलगरीला असतात. जावयाला हरणाच्या शिकारीची आवड लागली, त्याने बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. त्यावर मुलीची सही मागितली आहे. ती विचारते, मी जामीन राहतेय का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

जामीन नाही. तिथे नवरा किंवा बायको काय म्हणते हे सरकारला ऐकायचं असतं. गेल्या दोन वर्षांत ज्याच्याबरोबर संसार केला त्या जोडीदाराला अर्जाची माहिती व्हावी, असा कॅनडाचा नियम आहे. सही नसली म्हणून अर्ज आपोआप फेटाळत नाहीत, पण मग परवाना अधिकारी तिला कळवतात आणि तिला काही सांगायचं असेल तर ऐकून घेतात. त्याच फॉर्मवर आणखी एक प्रश्न आहे : गेल्या दोन वर्षांत घटस्फोट, नातं तुटणं, नोकरी जाणं, दिवाळं निघणं यातलं काही झालंय का? मला हा फॉर्म फार आवडला. आमच्याकडच्या चौकशीत गावात भांडणतंटा आहे का, गुन्हा दाखल आहे का, हे विचारलं जाई. घरात काय चाललंय हे बायकोला विचारावं असं कुणाला सुचलेलं मी पाहिलं नाही. नवऱ्याच्या अर्जाच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मुकाट बसलेल्या बायका मात्र पाहिल्यात.

जावयाला शिकारीची लांब बंदूक मिळेल. पिस्तुलाचा विचार सोडून द्यायला सांगा, ऑक्टोबर २०२२पासून कॅनडाने पिस्तुलांची खरेदी-विक्री जवळपास गोठवली आहे.

याहून चिकित्सक देश म्हणजे जपान. तिथे सामान्य माणसाला पिस्तूल नाहीच. छऱ्याची शॉटगन हवी तर वर्ग, लेखी परीक्षा, रेंजवर नेमबाजीची परीक्षा, डॉक्टरचा दाखला आणि पोलिसांकडून घरच्यांची, शेजाऱ्यांची चौकशी. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि दरवर्षी पोलिसांची तपासणी. रायफल मागायची तर आधी दहा वर्षं शॉटगन नीट सांभाळलेली असावी लागते. माजी पंतप्रधान शिंजो आबेंना २०२२मध्ये मारणाऱ्याने बंदूक घरी बनवली होती, दुकानातून घेतली नव्हती.

प्रश्न : आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एक गृहस्थ रोज सांगतात की स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक आहे आणि गुन्हे नाहीत, म्हणून आपल्याकडेही द्याव्यात. (पुणे)

घरोघरी नाही. ज्यांची सक्तीची लष्करी सेवा चालू आहे त्यांची सरकारी रायफल घरी असते. २००७ नंतर तिच्याबरोबर काडतुसं घरी देणं सरकारने बंद केलं, हे तुमच्या गृहस्थांनी सांगितलं का? सेवा संपल्यावर ठेवायची तर परवाना लागतो. २०१९मध्ये तिथल्या लोकांनीच मतदान करून नियम आणखी कडक केले. आधी लष्करी शिस्त, मग रायफल, असा तो क्रम आहे. कट्ट्यावर फक्त रायफल पोचते.

विना परवाना बंदूक बाळगायची सूट पाहायची तर एवढ्या लांब जायला नको. कर्नाटकात कोडगूमध्ये कोडवा समाजाला आणि जम्मा (पिढीजात हक्काच्या) जमीनधारकांना शस्त्र कायद्यातून सूट आहे. ती २०२९पर्यंत वाढवली आहे आणि उच्च न्यायालयाने २०२१मध्ये ती योग्य ठरवली. उलट टोक मेक्सिकोचं : घटनेत शस्त्राचा हक्क लिहिलेला, पण कित्येक वर्षं अख्ख्या देशात कायदेशीर दुकान एकच, तेही राजधानीत, लष्कराच्या ताब्यात.

प्रश्न : स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं पदक पाहिल्यापासून तेरा वर्षांच्या मुलीने नेमबाजीचा ध्यास घेतला आहे. परवान्याच्या भानगडीची भीती वाटते. (कोल्हापूर)

सुरुवातीला परवान्याची भानगड नाही. दहा मीटरची स्पर्धा .१७७ बोअरच्या एअर रायफलवर असते. २० जूलपर्यंत ताकदीच्या तशा एअरगनला परवाना लागत नाही, वयाचा आणि ओळखीचा पुरावा ठेवा. पॉइंट टू-टूकडे, म्हणजे काडतुसाच्या रायफलीकडे, वळायची वेळ आली की क्लबच्या बंदुकीवर प्रशिक्षकाच्या देखरेखीत शिकेल. राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील पॅरिसला पोचला, तुमच्या मुलीला तर कोल्हापुरातच रेंज आहे.

ब्रिटनमध्ये पिस्तुलाची नेमबाजी करू पाहणारी मुलगी मात्र अडते. मार्च १९९६मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनला एका माणसाने शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या. त्याची पिस्तुलं परवान्याची होती. १९९७मध्ये ब्रिटनने पिस्तुलांवर बंदी घातली, ती इतकी सरसकट की पिस्तुलाच्या नेमबाजांना सरावाला परदेशी जावं लागलं. ऑस्ट्रेलियात १९९६मध्येच पोर्ट आर्थरला ३५ माणसं मारली गेली. सरकारने साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या, नष्ट केल्या आणि अर्जातलं एक कारण कायमचं बाद केलं : स्वसंरक्षण. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरही ते चालत नाही. शिकार सांगा, खेळ सांगा, शेती सांगा. जिवाला धोका आहे म्हणालात तर अर्ज परत. आमच्या टेबलावर दहातले बहुतेक अर्ज नेमकं तेच कारण घेऊन यायचे.

प्रश्न : ह्यूस्टनहून सुट्टीला आलेला भाचा परत निघाला तेव्हा मुंबई विमानतळावर त्याच्या पाठपिशवीत एक जिवंत काडतूस निघालं. मित्राबरोबर रेंजवर गेला होता, तेव्हाचं राहिलं म्हणतो. गुन्हा दाखल झालाय. (ठाणे)

फार नेहमीचं प्रकरण आहे. तिथे काडतुसं मोठ्या दुकानात किराण्याच्या सामानाशेजारी मिळतात, इथे एकही विनापरवाना चालत नाही. बचावाचा मुद्दा ‘जाणीवपूर्वक ताबा’. वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीव असल्याशिवाय तो ताबा नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७२च्या गुणवंतलाल खटल्यापासून घेतलेली आहे, आणि एखाद्या काडतुसाचे असे गुन्हे उच्च न्यायालयांनी रद्दही केले आहेत. पण त्यासाठी याचिका करावी लागते, वेळ जातो, तिकीट बुडतं. फौजदारी वकील आजच गाठा. भाचा तिथे कोणत्या व्हिसावर आहे हेही वकिलाला सांगा, कारण ‘रेंजवर गेलो होतो’ हा त्याचा इथला खुलासा पहिल्या उत्तरात सांगितलेल्या कायद्यात तिथे त्याच्याच अंगाशी येऊ शकतो. जबाबावर सही करायच्या आधी वकिलाला तो वाचू दे.