वळसा थेंबासारखा का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत लेकीच्या हट्टापायी खोपोलीच्या इमॅजिका पार्कात ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये बसलो. पायांखाली फळीच नाही, वर पाच वेळा उलटं! तो मोठा वळसा पुरता गोल नसून थेंबासारखा लांबट का? आणि उलटं असताना गाडी सुटत कशी नाही?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : लेक हसली असेल, तुम्ही डोळे मिटले असतील. तीस वर्षं वास्कोच्या गोदीत वेल्डिंग तपासलं, पण असल्या गाडीत मीही घट्ट मिटूनच बसलो होतो.

गोल वळसा करून बघितलाय लोकांनी, 1895 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला. माना आखडल्या. तळाशी वेग सर्वांत जास्त. तिथंच एकदम तीव्र वाक आला की माणूस बाकात दाबला जातो. म्हणून खाली वाक सैल, आणि वर, जिथं वेग उतरलेला असतो, तिथं घट्ट. व्हेर्नर स्टेंगेल या जर्मन इंजिनिअरनं 1976 साली कॅलिफोर्नियात असा वळसा आखून दिला.

विहिरीवर पाण्याची बादली गरगर फिरवली असेलच. पाणी सांडत नाही, तसेच तुम्ही बाकाला चिकटता. भरवसा मात्र तेवढ्यावर नसतो. रुळाच्या पोलादी नळीला चाकं तिन्हीकडून धरतात : वरून, बाजूनं आणि खालून.