बदल किती आणि ठरवणार कोण?

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या घरूनच ग्राफिक डिझाइनची कामे घेतात. वडिलांच्या एका जुन्या स्नेह्यांचा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्यांचा कारखाना आहे. या काकांनी लोगो आणि काळ्या मसाल्याचा पाउच असे काम फोनवरच 12,000 रुपयांत ठरवले आणि 3,000 रुपये ॲडव्हान्स दिला. गणपतीच्या आधी सुरू झालेले ते काम दिवाळी उलटली तरी संपलेले नाही. काका, त्यांचा मुलगा, सूनबाई आणि जळगावचे वितरक व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवे बदल सांगतात, कधी रात्री अकरानंतरही. वडिलांचे म्हणणे, “संबंधातले काम आहे, करून टाक.” संबंध न बिघडवता नकार कसा द्यावा, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मला फार लागले: “कदाचित माझ्याच कामात काही कमी असेल.” तुम्हीच लिहिलेल्या तपशिलांवरून मला तसे वाटत नाही. काम कच्चे असते, तर सगळ्यांची तक्रार साधारण एकाच गोष्टीबद्दल असती. इथे वितरकांना पाउच अधिक लाल हवा आहे, मुलाला तोच लाल उतरवून हवा आहे आणि सूनबाईंना पाटा-वरवंट्याचे चित्र जुनाट वाटते. आपला मसाला कोणाला विकायचा, घरातल्या गृहिणीला की मॉलमधल्या तरुण ग्राहकाला, हे त्या चौघांचे आपसात ठरलेले नाही आणि त्यांच्या न ठरण्याचा भार तुमच्या रात्रींवर पडतो आहे. तुम्ही कितीही उत्तम नमुना पाठवला, तरी तो चौघांपैकी किमान एकाला नापसंत पडणारच.

म्हणून पहिली विनंती अशी करा की, यापुढे एकच व्यक्ती सर्वांची मते गोळा करील, त्यांतले अंतिम काय ते ठरवील आणि एकाच ई-मेलमध्ये कळवील. ही व्यक्ती काकाच असावेत. ग्रुपवरील सूचनांना नम्रपणे “काकांकडे कळवावे” एवढेच उत्तर द्या आणि रात्रीच्या संदेशांना सकाळी कामाच्या वेळेतच उत्तर द्या. त्यात उद्धटपणा काहीही नाही.

दुसरे, बदल सांगितला की लगेच संगणकाकडे वळू नका. आधी कारण विचारा. “नाव मोठे करा” असे काका म्हणतात, तेव्हा ते पाउच मोबाइलवर, बोटभर आकारात पाहत असतात, हे लक्षात घ्या. रंगाचेही तसेच आहे. मोबाइल लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, छपाईत तो शाईतून उमटतो, त्यामुळे पडद्यावर झळकणारे काही रंग छपाईत तसे मिळतच नाहीत. खऱ्या आकाराची रंगीत प्रिंट काढा, ती रिकाम्या पाउचवर चिकटवा आणि एखाद्या किराणा दुकानात इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवून काकांना चार पावलांवरून पाहायला सांगा. निम्मे बदल तिथेच गळून पडतील, असा माझा विश्वास आहे. हे एक काम तुम्ही गणपतीतच करायला हवे होते, पण अजूनही उशीर झालेला नाही.

आता पैशांचे. तुमच्याकडून राहिलेली चूक, उदाहरणार्थ परवाना क्रमांकातला चुकलेला अंक, केव्हाही विनामूल्य दुरुस्त करायची. ठरलेल्या कामातली आवडनिवड बदलांच्या ठरावीक फेऱ्यांपर्यंत सांभाळायची. मात्र, 200 ग्रॅमच्या पाउचबरोबर 500 ग्रॅमचाही मागणे किंवा मंजूर लोगो पुन्हा पहिल्यापासून मागणे हे नवे काम आहे आणि त्याचे पैसे वेगळे. काका कारखानदार आहेत. त्यांना हा हिशेब परका नाही. पाउच ग्रॅव्ह्युरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरांच्या छपाईयंत्रावर, छापताना प्रत्येक रंगासाठी वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि तो कोरल्यानंतर बदल सांगितला, तर नव्या सिलिंडरचे पैसे ते निमूटपणे देतात, कारण तो खर्च डोळ्यांना दिसतो. तुमचा वेळ त्यांना आजवर दिसलेला नाही, कारण तुम्ही तो कधी आकड्यात मांडलाच नाही.

त्यांना असे लिहा: “काका, सा. न. वि. वि. आपल्या कामात आजवर झालेल्या बदलांची यादी सोबत जोडली आहे. ठरलेल्या रकमेत मी आणखी दोन फेऱ्या करून देईन. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीचे 1,500 रुपये होतील. सर्वांची मते एकत्र करून आपणच कळवावीत, ही विनंती. पुढचे काम सुरू करण्यापूर्वी आणखी 5,000 रुपये मिळावेत. उरलेली रक्कम मिळाली की छपाईच्या फाइली पाठवीन.” यात कोठेही “नाही” हा शब्द नाही. बदल हवे असतील तर ते मिळतीलच, त्यांचा दर मात्र आता ठरलेला असेल.

हा मजकूर पाठवण्यापूर्वी तो वडिलांना वाचून दाखवा. त्यांना काकांकडून अचानक कळले, तर ते दुखावतील आणि तुमच्या बाजूने बोलणे त्यांना जड जाईल. बदलांची यादी आणि तुम्ही घालवलेले तास त्यांच्यासमोर ठेवा. मैत्रीखातर सवलत द्यायची असेल, तर ती बिलात स्पष्ट रकमेने दाखवा, म्हणजे काकांनाही तिची जाणीव राहील.

पुढच्या कामांत फेऱ्यांची संख्या, मुदत आणि निम्मा ॲडव्हान्स कोटेशनमध्येच लिहा. 2027 च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरात डिझाइनची कामे वाढतील आणि ती घाईची असतील, तेव्हा ही सवय आतापासूनच लावून घ्या. ई-मेलवर “मान्य” असे उत्तर आले, तरी पुरते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 10 अ नुसार करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला एवढ्या कारणावरून तो निष्प्रभ ठरत नाही. उद्यम नोंदणीही, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, करून घ्या, ती विनामूल्य आहे. नोंदणीनंतरच्या कामाचे पैसे ग्राहकाने लेखी ठरलेल्या मुदतीत, पण 45 दिवसांच्या आत द्यावेत आणि मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा सांगतो.

काकांना या अटी मान्य झाल्या नाहीत, तर झालेल्या कामाचे बिल ॲडव्हान्स वजा करून द्या, “या टप्प्यावर थांबू या” असे त्यांना प्रत्यक्ष भेटून सांगा आणि बिल चुकते होईपर्यंत ओपन फाइल, म्हणजे जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल, कोणाच्याही हाती देऊ नका.