समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टरने खरंच सोनं-नाणी सापडतात का? सुरुवात कशी करावी?

हो, सापडतात. मी वेल्समध्ये कार्डिफला राहते आणि गेली सहा वर्षं ब्रिस्टल चॅनेल या इथल्या समुद्राच्या खाडीच्या वाळूवर डिटेक्टर घेऊन जाते. पण ‘कोणतं यंत्र घेतलं म्हणजे सोनं मिळेल’ असं तुम्ही विचाराल, त्याआधी मला वाळूबद्दल सांगायचंय. भारी यंत्र घेऊन भलत्या पट्ट्यात दिवसभर फिरणारे आणि रिकाम्या हाताने परतणारे लोक मी खूप पाहिलेत.

माझे आजोबा सांगलीला सराफ कट्ट्यावर सोनारकाम करायचे. दुकानाचा केर कधी रस्त्यावर जात नसे. तो साठवायचा, आणि मग झारेकरी येऊन घेऊन जायचा. तो केर पाण्यात घोळवला की हलकी माती वाहून जायची आणि तळाशी सोन्याचे कण उरायचे. लहानपणी मी ते टक लावून बघत बसायची. किनाऱ्यावर लाटा हेच करत असतात. साध्या वाळूची घनता 2.65 च्या आसपास, ॲल्युमिनियमची 2.7. त्यामुळे कॅनच्या कड्या आणि चॉकलेटची चांदी वाळूबरोबर वरच्या वर भटकत राहतात. शिशाची घनता 11.3, आणि इथे सर्रास वापरल्या जाणाऱ्या 9 कॅरेट सोन्याचीही साधारण 11. म्हणून गळाला बांधायची शिशाची वजनं एका पट्ट्यात लागोपाठ मिळायला लागली की मी तिथेच ठाण मांडते. माझ्या बहुतेक अंगठ्या अशाच पट्ट्यांत मिळाल्या. बावीस कॅरेटची घनता तर 17 च्या वर असते. ते आणखी झपाट्याने खाली जातं आणि वाळूखालच्या चिकणमातीच्या किंवा गोट्यांच्या थरावर जाऊन बसतं.

तो थर एरवी आपल्या आवाक्याबाहेर असतो. हिवाळी वादळात लाटा वाळू ओढून नेतात, किनाऱ्याला कमरेएवढा कडा पडतो, तेव्हा तो वर येतो. अशा वेळी दोन दिवस सुट्टी काढून जावं. एरवीसाठी अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली उधाणाची ओहोटी बघायची. पाणी सर्वांत लांब हटतं ते तेव्हा. मी ओहोटीच्या दोन तास आधी उतरते आणि पाण्याच्या मागोमाग खाली जाते. मोबाइलला परतीचा गजर लावल्याशिवाय मी वाळूवर पाय ठेवत नाही. या चॅनेलच्या वरच्या टोकाला उधाणाला पाणी 12 मीटरहून जास्त चढतं, आणि कानाला हेडफोन असताना ते पाठीमागून कधी आलं ते कळत नाही.

लोक वस्तू कुठे हरवतात याचाही विचार करा. नाणी खिशातून पडतात, म्हणजे बसण्याच्या जागी, पायऱ्यांपाशी, आइस्क्रीमच्या गाडीसमोर, कोरड्या वाळूत. अंगठ्या पाण्यात जातात. थंड पाण्यात बोट आकसतं, त्यावर सनस्क्रीनचा ओशटपणा, आणि त्यात कुणीतरी चेंडू फेकतं. ओहोटीला गुडघा ते कंबरभर पाण्याची जी पट्टी उघडी पडते ती अंगठ्यांची. जुने फोटो आणि पोस्टकार्डं जरूर बघा. इथल्या बॅरी आयलंडला 1896 मध्ये रेल्वे आली आणि खाणकामगारांची कुटुंबंच्या कुटुंबं सुट्टीला येऊ लागली. अशा किनाऱ्यांच्या जुन्या चित्रांत गर्दी नेमकी कुठे बसायची ते स्पष्ट दिसतं.

आता यंत्र. खारी ओली वाळू स्वतःच वीज वाहते. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं स्वस्त यंत्र कोरड्या वाळूत छान चालतं, पण ओल्या वाळूत सारखं किंचाळतं. ‘पल्स इंडक्शन’ प्रकारच्या यंत्राला मिठाचा त्रास जवळजवळ होत नाही आणि ते खोल बघतं. पण धातू कोणता ते सांगत नाही, त्यामुळे गंजलेल्या खिळ्यासाठीही हात-हातभर खणावं लागतं. नवशिक्यासाठी एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र मला योग्य वाटतं. मी 2018 मध्ये आलेलं मायनलॅब इक्विनॉक्स 600 सेकंडहँड घेतलं. ते तीन मीटर पाण्यातही चालतं. सोबत स्टेनलेस स्टीलचा लांब दांड्याचा, भोकं असलेला स्कूप हवाच. प्लॅस्टिकचा ओल्या वाळूत टिकत नाही.

पहिले सहा-सात महिने मी एक चूक केली. पडद्यावर आकडा उमटतो, त्यावरून धातूचा अंदाज बांधता येतो आणि नको ते आकडे बंदही करता येतात. कचऱ्याचा कंटाळा आला म्हणून मी ॲल्युमिनियमचे आकडे बंद करून टाकले. नाणी भरपूर मिळाली, सोनं एकदाही नाही. एका अनुभवी गृहस्थांनी माझं सेटिंग बघितलं आणि खिशातून स्वतःच्या बायकोची बारीक अंगठी काढून वाळूवर ठेवली. माझं यंत्र तिच्यावरून मुकाट निघून गेलं. बारीक सोन्याचा आणि चांदीच्या कागदाचा आवाज सारखाच असतो, जाड अंगठीचा कॅनच्या कडीसारखा. या दोन्हींना बाहेरून वेगळं काढणारं यंत्र नाही. त्या दिवसापासून मी सगळं खणते. पोतंभर कचरा निघतो, तो घरी आणते आणि खड्डा बुजवते. नाजूक साखळ्या मात्र बहुतेक सुटतातच. यंत्राला पूर्ण साखळी दिसत नाही, सुटी कडी दिसते.

नाण्यांबद्दल थोडक्यात. ब्रिटनची 1992 नंतरची एक आणि दोन पेन्सची नाणी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत. समुद्रात ती गंजून ढेकूळ होतात. त्याआधीची ब्राँझची हिरवट पडतात, पण टिकतात. 1920 च्या आधीच्या शिलिंगमध्ये साडेब्याण्णव टक्के चांदी असे, ती काळी पडून मिळते. जुनं नाणं ब्रशने घासू नका. साध्या पाण्यात भिजत ठेवा, एवढंच.

सोन्याची अंगठी मिळाली की मी आधी आतली बाजू बघते. ही सवय आजोबांची. इथे हॉलमार्क कडक आहे: 375 म्हणजे 9 कॅरेट, 750 म्हणजे 18, आणि 916 आपल्या ओळखीचा बावीस. जहाजाच्या नांगराची खूण असेल तर बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबळ्याचं तोंड असेल तर लंडनला. एका अक्षरावरून वर्षही कळतं. तीन वर्षांपूर्वी मला एक 375 ची अंगठी मिळाली, नांगराची खूण, आत दोन आद्याक्षरं आणि एक तारीख. गावाच्या फेसबुक पानावर मी फक्त एवढंच लिहिलं की लग्नाची अंगठी सापडलीय, आत काय कोरलंय ते सांगा. नवव्या दिवशी सत्तरीच्या एका बाईंचा निरोप आला. अक्षरं बरोबर, तारीख बरोबर. अंगठी त्यांच्या गेलेल्या यजमानांची होती, नातवाबरोबर पोहताना हरवलेली. त्यांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. या छंदातला माझा सर्वांत मोठा दिवस तो.

आणि हे केवळ चांगुलपणाचं काम नाही, कायदाही तेच सांगतो. मालकाला शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता सापडलेली वस्तू ठेवून घेणं इथे 1968 च्या कायद्यानुसार चोरी ठरू शकतं. 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची वस्तू मिळाली तर 14 दिवसांत कळवावं लागतं, जहाजाच्या अवशेषातली असेल तर 28 दिवसांत. क्राउन इस्टेटच्या (राजगादीच्या जमिनी सांभाळणारी संस्था) ताब्यातल्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वेगळा परवाना लागत नाही. वरची कोरडी वाळू मात्र बहुधा कौन्सिलची किंवा खासगी असते, तिथे आधी विचारा. बाँबगोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि कोस्टगार्डला फोन करा.

कोकणात करायचं असेल तर 1878 चा निखात निधीचा कायदा वाचा. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. रत्नागिरीकडच्या काळ्या पुळणीत इल्मेनाइट नावाचं लोहयुक्त खनिज असतं, तिथे यंत्र गोंधळतं. संवेदनशीलता उतरवून हळू फिरवा.

आणि कधी तुमचीच अंगठी पाण्यात पडली तर चाचपडत शोधू नका, पायांनी ती आणखी खाली जाते. तिथेच उभे राहा. एका बाजूला माड आणि त्याच्या मागे दिसणारं घर, दुसऱ्या बाजूला खडक आणि त्यामागचं टेकाड, अशा दोन रेषा डोळ्यांनी जुळवून ठेवा. किनाऱ्यावर येऊन त्या कागदावर काढा, वेळ लिहा आणि पुढच्या ओहोटीला डिटेक्टरवाला घेऊन जा.